मासा सोडण्याआधी पाण्यातलं मीठ मोजा

जुलै-ऑगस्टमध्ये आटपाडी, जत, माण, खटाव या भागांत शेततळी भरली की मत्स्यबोटुकलीच्या गाड्या फिरू लागतात. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या उतरतात, कटला-रोहूची पिल्लं तळ्यात सुटतात, आणि दोन-तीन दिवसांनी काठाला पांढरी पोटं वर करून मासे लागतात. दोष बहुतेक वेळा बियाण्याला दिला जातो. कधी तो खराही असतो. पण मासा सोडल्यावर लगेच न मरता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मरू लागला, तर आधी संशय घ्यावा तो त्याच्या अंगातून निघून गेलेल्या मिठाचा. प्रवासात त्याचं मीठ गळालेलं असतं, अंगात पाणी शिरलेलं असतं, आणि तो तोल सावरायला लागणारी ताकद त्याच्यात उरलेली नसते.

सातारा आणि सांगली हे समुद्रापासून लांबचे जिल्हे. तरी मीठ आणि पाण्याचा इतका विविध व्यवहार फार थोड्या जिल्ह्यांत पाहायला मिळतो. पश्चिमेला पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरातलं पाणी जवळजवळ पावसाचंच, क्षार नावाला. पूर्वेला जत-आटपाडीच्या बोअरचं पाणी चवीला मचूळ. मधे कृष्णा-वारणेच्या काठी मिरज, वाळवा, पलूस तालुक्यांत उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झालेली काळी रानं. तिन्ही ठिकाणी आता लोक मासे पाळतात किंवा पाळायचा विचार करतात. तिघांना एकच सल्ला देऊन चालत नाही. म्हणून आधी माशाच्या शरीरात काय चालतं ते पाहू. ते समजलं की मीठ कधी टाकायचं, किती टाकायचं आणि कधी हातसुद्धा लावायचा नाही, हे ज्याचं त्याला ठरवता येतं.

माशाच्या रक्तात दर लिटरला साधारण नऊ ग्रॅम क्षार असतात. रोहू असो की पापलेट, हा आकडा फारसा बदलत नाही. आपल्या रक्तातही साधारण तेवढेच असतात. फरक असतो तो बाहेरच्या पाण्यात. कोयनेच्या किंवा कृष्णेच्या पाण्यात लिटरला एक ग्रॅमही क्षार नसतात, आणि समुद्राच्या पाण्यात पस्तीस ग्रॅम असतात. पातळ पडद्याच्या एका बाजूला जास्त मीठ आणि दुसऱ्या बाजूला कमी मीठ असलं, की पाणी जास्त मिठाकडे धावतं. माशाचे कल्ले म्हणजे असाच पडदा. ऑक्सिजन घेता यावा म्हणून तो अतिशय पातळ आणि पसरट केलेला असतो, आणि त्याच वाटेनं पाणी-मिठाची गळतीही होते. श्वास घ्यायचा तर गळती सोसावीच लागते.

तळ्यातल्या रोहूच्या अंगात रात्रंदिवस पाणी शिरत असतं आणि मीठ बाहेर झिरपत असतं. त्यामुळे तो पाणी जवळजवळ पीत नाही. शिरलेलं पाणी मूत्रपिंडं उपसून काढतात. गोड्या पाण्यातले मासे दिवसाला आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, आणि सोनमाशासारखे काही तर तिसऱ्या हिश्श्याइतकी पातळ लघवी करतात. तिच्याबरोबर जाणारं मीठ शक्य तितकं परत ओढून घेतलं जातं. तरीही तूट राहतेच. ती खाद्यातून भरून निघते आणि कल्ल्यांतूनही. कल्ल्यांत काही खास पेशी असतात. त्या पाण्यातलं अत्यल्प सोडियम आणि क्लोराईड पकडून रक्तात ढकलतात, आणि या कामाला ऊर्जा लागते. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रॉग यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिलं की मीठ गमावलेला मासा अगदी विरळ पाण्यातूनही कल्ल्यांवाटे क्लोराईड गोळा करतो.

समुद्रातल्या माशाचं गणित नेमकं उलटं असतं. त्याच्या अंगातलं पाणी बाहेर जातं आणि मीठ आत येतं. अमेरिकेच्या होमर स्मिथ यांनी १९३० मध्ये सिद्ध केलं की समुद्रातला मासा सतत समुद्राचं पाणी पितो. पुढे दोनच वर्षांत अँसेल कीज आणि विल्मर यांनी वाम माशाच्या कल्ल्यांतल्या जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या पेशींचं वर्णन केलं. तो वाम युरोपातला. त्याचाच भाऊबंद असलेला अहिर आपल्या कृष्णेत सापडतो. समुद्रात जन्मून तो नदीनं वर येतो, वर्षानुवर्षं गोड्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा समुद्राकडे निघतो. एकाच आयुष्यात कल्ल्यांचं काम दोनदा उलटं फिरवणारा हा प्राणी. नागार्जुनसागर, श्रीशैलम, नारायणपूर, अलमट्टी अशी धरणांची रांग मधे उभी राहिल्यावर त्याची वाट किती अवघड झाली असेल, याचा विचार नदीकाठच्या प्रत्येकानं करायला हवा. कोकणातल्या बाजारात मिळणारी मुशी तिसऱ्याच वाटेनं जाते. ती रक्तात युरिया साठवून समुद्राशी बरोबरी साधते, आणि शिळ्या मुशीला अमोनियाचा उग्र वास येतो तो त्यामुळेच.

आता तळ्याकडे येऊ. मासा शांत असतो तेव्हा कल्ल्यांतून लागतं तेवढंच रक्त फिरतं. जाळ्यात धरला, घमेल्यात भरला, पिशवीत कोंबला की तो घाबरतो. मग कल्ल्यांतला रक्तप्रवाह वाढतो, ऑक्सिजन जास्त मिळतो, आणि गळतीही त्याच प्रमाणात वाढते. हाताळताना अंगावरचा बुळबुळीत थर निघाला, खवलं सुटली, तर कातडीतूनही पाणी शिरू लागतं. सात-आठ तासांच्या प्रवासात असं मीठ गेलेला मासा तळ्यात पोचतो तेव्हा पोहताना दिसतो, पण आतून रिकामा झालेला असतो.

यावरचा उपाय किराणा दुकानात मिळतो. खडे मीठ. वाहतुकीच्या पाण्यात लिटरला तीन ते पाच ग्रॅम मीठ घातलं, तर आतल्या आणि बाहेरच्या पाण्यातली तफावत जवळपास निम्म्यावर येते, आणि माशाला उपसा कमी करावा लागतो. बियाणं विकत घेताना विक्रेत्याला हे विचारा आणि मीठ घातलेल्या पाण्यातच पॅकिंग करून मागा. माल शेतावर आल्यावर पिशव्या बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे तापमान सारखं होईल. मग पिशवी उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या. शक्य असेल तर बोटुकली थेट तळ्यात न सोडता हजार लिटरच्या टाकीत तीन किलो मीठ विरघळवून तिथे काही तास विसावू द्या. हवेचा पंप चालू हवा आणि टाकी सावलीत हवी. टाकी प्लास्टिकची किंवा सिमेंटची घ्या, जस्ताच्या पत्र्याची नको. खारं पाणी जस्त सोडवतं आणि ते माशाला विष होतं.

मीठ आधी बादलीत पूर्ण विरघळवून मगच टाकीत ओता. खडे तसेच टाकले तर तळाशी तीव्र द्रावण साचतं आणि पिल्लांचे कल्ले पोळतात.

अंगावर बुरशी, पांढरा थर किंवा बारीक परजीवी दिसत असतील तर कडक मिठाची आंघोळ देतात: लिटरला वीस ग्रॅम मीठ, दोन-तीन मिनिटं. सूक्ष्म परजीवी माशापेक्षा कितीतरी लहान असतो. त्याच्यातलं पाणी झटकन ओढलं जातं आणि तो मरतो, आणि मासा तेवढा वेळ तग धरतो. पण एकदम सगळा माल बुडवू नका. आधी पाच-दहा मासे घ्या आणि समोर उभं राहून पाहा. एखादा कुशीवर पडू लागला की घड्याळ न बघता लगेच बाहेर काढा. माशांच्या उवांवर मात्र मिठाचा फारसा भरवसा धरू नये, त्यांच्यासाठी मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्याला विचारून औषध घ्यावं.

मीठ चांगलं म्हटल्यावर कुणीतरी सगळ्या तळ्यातच पोती रिकामी करायला निघतो. त्याआधी हिशोब करून पाहा. राज्य शासनानं २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आणली, आणि तिच्यातलं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं आपल्याकडे घरोघरी ओळखीचं आहे. बाजूंचा उतार धरून त्यात २१९६ घनमीटर पाणी मावतं. लिटरला एक ग्रॅम मीठ वाढवायचं तरी जवळपास २२ क्विंटल मीठ, म्हणजे ५० किलोची ४४ पोती लागतील. वाहतुकीच्या पाण्यातली तीन ग्रॅमची मात्रा गाठायला सव्वाशेहून अधिक. खर्च एकवेळ बाजूला ठेवला, तरी तेच पाणी पुढे ठिबकनं बागेला जाणार आहे. तळ्याला मीठ घालू नका. टाकीत घाला, काम झालं की ते पाणी रानाबाहेर, पण विहीर आणि ओढा यांपासून दूर टाका.

एका प्रसंगी मात्र तळ्यातही थोडं मीठ घालावं लागतं. दाट संख्येनं मासे ठेवले, भरपूर खाद्य दिलं आणि पाणी बदललं नाही, की नायट्राइट साठतं. तळ्यातल्या माशाचे कल्ले क्लोराईड ओढून घ्यायला टपलेले असतात, आणि नायट्राइट नेमकं त्याच दारातून आत घुसतं. रक्तात पोचल्यावर ते रक्ताचं ऑक्सिजन वाहण्याचं काम बिघडवतं. पाण्यात ऑक्सिजन असूनही मासे वर येऊन धापा टाकतात, आणि कल्ले उघडून पाहिले तर लालऐवजी चॉकलेटी दिसतात. अशा वेळी पाण्यात क्लोराईड वाढवलं की दारात गर्दी होते आणि नायट्राइट मागे पडतं. नायट्राइटच्या दहापट क्लोराईड पाण्यात असावं, असा साधारण नियम पाळतात. समजा तपासणी किटवर नायट्राइट लिटरला दोन मिलिग्रॅम आलं, तर क्लोराईड वीस मिलिग्रॅम हवं. मिठात क्लोराईडचं वजन साठ टक्के असल्यानं त्यासाठी लिटरला ३३ मिलिग्रॅम मीठ लागतं. वर सांगितलेल्या भरलेल्या शेततळ्याला हे होतं सुमारे ७२ किलो, म्हणजे दीड पोतं. पाण्यात आधीच क्लोराईड असेल तर तेवढंही लागणार नाही. बोअरच्या पाण्यावरच्या तळ्यांत बहुधा लागतच नाही. मीठ घालून वेळ मिळतो, रोग जात नाही. त्याच दिवशी खाद्य बंद करा आणि शक्य तेवढं पाणी बदला.

आता पश्चिमेकडच्या तळ्यांबद्दल. पाटण, जावळी, महाबळेश्वर भागात पाऊस जोराचा आणि जमीन धुऊन निघालेली. तिथलं पाणी फार मऊ, चुना नावापुरता. मऊ पाण्यात माशाची अडचण दुहेरी होते. एक तर ओढून घ्यायला मीठच कमी, आणि दुसरं म्हणजे कॅल्शियम नसलं की कल्ल्यांच्या पेशींमधले सांधे ढिले पडतात आणि गळती वाढते. पाण्यातलं कॅल्शियम हे सांधे घट्ट धरून ठेवतं. म्हणून या भागात मिठापेक्षा चुन्याकडे लक्ष द्यावं. पाण्याची अल्कधर्मीयता लिटरला निदान पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास असावी, वीसच्या खाली असेल तर मासे वाढतही नाहीत आणि पाण्याचा सामूही दिवसभरात हेलकावे खातो. शेतीचा चुना, म्हणजे चुनखडीची भुकटी, मासे सोडण्याआधी टाकली तर धोका नाही. कळीचा चुना भरल्या तळ्यात मासे असताना टाकू नका. त्यानं सामू एकदम उसळतो आणि एका रात्रीत तळं साफ होतं.

पूर्वेकडे काळजी वेगळी. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण या भागांत टेंभू, म्हैसाळसारख्या उपसा योजनांमुळे काही ठिकाणी कृष्णेचं पाणी पोचलं आहे. ज्यांच्या तळ्यात ते पडतं त्यांना मिठाची फार चिंता नाही. बोअरवर तळं भरणाऱ्यांनी मात्र आधी पाणी तपासून घ्यावं. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यातून पाणी मुरत नाही, फक्त उडतं, आणि उडालेलं पाणी मीठ मागे ठेवून जातं. समजा दिवाळीत २००० घनमीटर पाणी आहे आणि त्यात लिटरला दीड ग्रॅम क्षार आहेत. म्हणजे तळ्यात तीन टन क्षार आहेत. मेपर्यंत अकराशे घनमीटर पाणी उडालं आणि तुम्ही त्याच बोअरचं पाचशे घनमीटर पाणी वर घातलं, तर क्षार पावणेचार टन होतात आणि पाणी उरतं चौदाशे घनमीटर. दीडाचे अडीचच्या पुढे गेले, आणि तुम्ही चिमूटभरही मीठ टाकलेलं नाही.

अडीच ग्रॅम माशाला काहीच नाही, उलट थोडं सुखाचंच. कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली लिटरला पाच ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि आठच्या पुढे पाणी गेलं तर माल काढायची तयारी करावी. सायप्रिनस याहून जरा दमदार. तिलापिया त्याहून कितीतरी पुढे जातो, पण तिलापिया पाळायला परवानगी लागते, ती घेतल्याशिवाय बियाणं आणू नका. मोजायला साधं ईसी मीटर, म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता दाखवणारं यंत्र, पुरेसं आहे. ईसी एक (डेसिसायमन प्रति मीटर) म्हणजे लिटरला साधारण ०.६४ ग्रॅम क्षार, हे ध्यानात ठेवलं की हिशोब तोंडी होतो. म्हणजे कटला, रोहू, मृगळ यांच्यासाठी ईसी आठपर्यंत ठीक.

या आकड्यांत एक धोका लपलेला आहे. मत्स्यपालनाच्या प्रशिक्षणात तो क्वचितच कुणी सांगतं. माशाला चालणारं पाणी पिकाला चालेलच असं नाही. द्राक्षाला पाण्याचा ईसी एकच्या पुढे गेला की उत्पादन घटायला सुरुवात होते. उसाची मर्यादाही जवळपास तीच, १.१. डाळिंब थोडं जास्त सोसतं. तासगाव-कवठेमहांकाळचा बागायतदार तळ्यात मासे जोमात वाढताना पाहून खूश असतो, आणि तेच ईसी चारचं पाणी एप्रिलमध्ये छाटणीनंतरच्या बागेला ठिबकनं देत असतो. पानांच्या कडा करपल्या की मग माशांच्या खाद्याला दोष दिला जातो. खाद्याचा काही संबंध नसतो, पाणी आटून क्षार घट्ट झालेले असतात. म्हणून बोअरवरच्या तळ्यात मासे पाळणाऱ्यानं जानेवारीनंतर दर पंधरवड्याला ईसी लिहून ठेवावा, आणि पिकाची मर्यादा ओलांडायच्या आधीच मासे विकून तळं रिकामं करण्याचं वेळापत्रक आखावं. डिसेंबर ते मार्च ही विक्रीची वेळ साधायची तर जून-जुलैत मोठी बोटुकली सोडायला हवी. बोटुकलीहून कितीतरी लहान असलेलं मत्स्यजिरे घेऊन ते साधत नाही.

कृष्णाकाठची क्षारपड जमीन हा या लेखातला सर्वांत अवघड भाग. पाणी जास्त दिलं, निचरा नव्हता, भूजल वर आलं, आणि पृष्ठभागावर क्षारांचं पांढरं फूल पसरलं. अशा रानात खड्डा काढला की खारं पाणी आपोआप भरतं. मग कुणीतरी म्हणतं, ऊस येत नाही तर कोळंबी करू. कल्पना खोटी नाही. हरियाणात क्षारपड जमिनीतल्या भूजलावर व्हॅनामेई कोळंबी पिकते, आणि मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या रोहतकजवळच्या केंद्रानं त्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. पण तिथलं तंत्र आपल्याकडे उचलून आणण्याआधी दोन गोष्टी तपासायला हव्यात.

पहिली, जमीन क्षारयुक्त आहे की चोपण. मातीचा ईसी चारच्या वर आणि सामू साडेआठच्या आत असेल तर ती क्षारयुक्त. सामू साडेआठच्या वर चढला असेल तर ती चोपण, आणि तिथे मासे किंवा कोळंबी दोन्ही जोखमीची, कारण चढ्या सामूत अमोनिया विषारी रूप घेतो. कांचनपूर, बोरगाव किंवा कालवड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या. क्षारपड जमिनीच्या निचऱ्याबद्दल सांगलीच्या कसबे डिग्रज कृषी संशोधन केंद्रातही विचारावं.

दुसरी गोष्ट क्षारांच्या जातीची. खारं पाणी म्हणजे समुद्राचं पाणी नव्हे. समुद्राच्या पाण्यात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचं प्रमाण जगभर जवळपास ठरलेलं असतं, आणि कोळंबीचं शरीर त्यावरच घडलेलं आहे. आपल्या काळ्या मातीतल्या खाऱ्या पाण्यात पोटॅशियम जवळजवळ नसतं, कारण माती ते धरून ठेवते. कल्ल्यांतल्या पंपाला सोडियम ओढायला पोटॅशियम लागतं. ते कमी पडलं की कोळंबी आखडते, शेपटी पांढरट पडते, कात टाकताना मरते. व्हॅनामेईच्या रक्तातले क्षार लिटरला सुमारे पंचवीस ग्रॅम क्षार असलेल्या पाण्याशी जुळतात. त्याखालच्या पाण्यात तिलाही रोहूसारखंच मीठ ओढत राहावं लागतं, म्हणून आपल्याकडे हा पंप निकामी झाला तर तिला सुटका नाही.

हिशोब असा. पाण्यातले क्षार लिटरला जितके ग्रॅम असतील, त्याला १०.७ नं गुणलं की किती मिलिग्रॅम पोटॅशियम हवं ते येतं. मॅग्नेशियमसाठी ३९ नं गुणा, कॅल्शियमसाठी ११.६ नं. आठ ग्रॅमचं पाणी असेल तर पोटॅशियम सुमारे ८६ मिलिग्रॅम हवं. अहवालात ते १५ आलं, तर तूट सत्तरची. एक एकर तळं, एक मीटर खोल, म्हणजे ४००० घनमीटर. त्याला २८० किलो पोटॅशियम लागेल. आपल्या खताच्या दुकानातल्या म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये जवळपास निम्मं पोटॅशियम असतं, म्हणजे सुमारे ५६० किलो, अकरा-बारा पोती. द्राक्षबागायतदाराला ओळखीचं मॅग्नेशियम सल्फेटही याच कामाला येतं. सगळं एका दिवशी टाकू नका, तीन-चार हप्त्यांत विरघळवून टाका आणि आठवड्यानं पाणी पुन्हा तपासा. काळी माती त्यातलं बरंच शोषते, त्यामुळे पहिला आकडा कागदावरच राहतो.

कोळंबीचं बियाणं समुद्रकाठच्या हॅचरीतून वीस-तीस ग्रॅमच्या पाण्यातून येतं. ते तुमच्या आठ ग्रॅमच्या पाण्यात सरळ ओतलं तर काही तासांत संपेल. हॅचरीलाच तुमच्या पाण्याच्या क्षारांपर्यंत उतरवून द्यायला सांगा, आणि शेवटचा टप्पा शेतावर, तासाला दोन-तीन ग्रॅमपेक्षा वेगानं नको. पिल्लू निदान बारा-पंधरा दिवसांचं असावं, कारण त्याआधी त्याचे कल्ले पुरते तयार झालेले नसतात. परवानगी मत्स्यव्यवसाय विभागाकडून आधी घ्या, बियाणं आणि पैसे मग.

माझं स्पष्ट मत आहे की ज्याच्या रानाला अजून निचरा झालेला नाही, त्यानं आधी सच्छिद्र पाइपचा निचरा घालावा आणि कोळंबीचा विचार नंतर करावा. शेजाऱ्याचं रान अजून चांगलं असेल तर खारं तळं त्याच्या बांधाला लागून कधीही काढू नये. तळ्याचं पाणी ओढ्यानं कृष्णेत सोडणं हा तर खालच्या गावांवर अन्याय आहे. क्षारपड रानाचा जो कोपरा कशालाच उपयोगी नाही, तिथे छोटं तळं, आणि त्याचं पाणी त्याच तळ्यात फिरवायची सोय, एवढंच सध्या पुरे.

ज्यांना खाऱ्या पाण्याची भानगड नको त्यांनी गोड्या पाण्यातली जंबो कोळंबी पाहावी. तिचं बालपण मात्र लिटरला बारा ग्रॅमच्या पाण्यातच जातं, म्हणून तिची अंडी शेतावर फोडण्याचा नाद करू नका. गोड्या पाण्यात उतरवलेली पिल्लंच विकत आणा. मऊ पाण्यात तिला कात टाकून नवं कवच बनवायला कॅल्शियम कमी पडतं, तेव्हा पश्चिमेकडच्यांनी चुन्याचं वर सांगितलेलं गणित तिलाही लावावं.

आणि खाऱ्या तळ्यांसाठी पावसाळ्याचं एक काम. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की गोडं पाणी हलकं असल्यानं वर तरंगतं आणि खारं खाली राहतं. खालच्या थराला हवा मिळत नाही, वरच्या थरात कोळंबीला एकदम मीठ कमी पडतं. आदल्या रात्री ढग दिसले की एरेटर चालू ठेवा, आणि तळ्याच्या वरच्या अंगाला अशी पाइप बसवून घ्या, की साचलेलं पावसाचं पाणी वरून निघून जाईल. पाऊस थांबल्यावर सकाळी वरचं आणि तळाचं, दोन्ही पाण्याचे नमुने घेऊन ईसी मोजा. दोघांत फरक उरला असेल तर त्या दिवशी खाद्य देऊ नका.